सुताराचं पत्र गेलं कुठे?

टायपिस्ट मावशीला हट्टी म्हणणं म्हणजे पाण्याला ओलं म्हणणं. तीस वर्षं तिने टाइपरायटर बडवला होता, आणि पान पुरं झाल्याशिवाय कागद काढायचा नाही हा तिचा नियम होता. लॅपटॉप आला तरी नियम तोच. सगळं तपासून होईपर्यंत सेव्ह म्हणून करायचं नाही! कोणी शहाणपणा शिकवायला गेलंच, तर ती त्याला बसल्या जागेवरून वाटेला लावायची.

सोमवारी संध्याकाळी म्हातारा सुतार तिच्या टायपिंगच्या खोलीत आला. मंगळवारी सकाळी त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि आवाज कायमचा जाणार होता. लिहिता येत नव्हतं. लेकीला काही सांगायचं होतं, पण तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता. तासभर तो बोलला, मावशीने टाइप केलं. "उद्या नीट करून छापते," म्हणाली आणि लॅपटॉप नुसता मिटून घरी गेली.

सकाळी तिने झाकण उघडलं, फडक्याने यंत्र पुसलं, आणि पडदा कोरा! पत्र नाही, काही नाही. तिकडे सुतार ऑपरेशनच्या टेबलावर होता.

दुपारी लेक आली. "ऑपरेशन नीट झालं. बाबांनी माझ्यासाठी पत्र सांगितलंय ना?"

"अगं बाई, माझ्या हातून पुसलं गेलं गं," मावशी म्हणाली आणि रडायलाच लागली.

लेक खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली. "आता ते परत कसं सांगणार, मावशी?"

शेजारचा झेरॉक्सवाला दारातून म्हणाला, "बंद करून चालू करा, येईल." मावशीचं बोट बटणाकडे गेलं, तोच लेकीने तिचं मनगट धरलं.

"हात लावू नका! सेव्ह केलं नसेल तर बंद केल्यावर खरंच जाईल."

ती स्वतः दिवसभर कंप्युटरपुढे बसणारी. तिने दोन बटणं एकदम दाबली, आणि खाली एका ओळीत नऊ छोटे पडदे उभे राहिले.

"हे कुणाचं गं?"

"तुमचंच. बोटं किंवा फडकं घसरलं की एका पडद्यावरून दुसऱ्या कोऱ्या पडद्यावर जाता तुम्ही. काही जात नाही, मागे उघडंच राहतं."

विजेच्या मीटरचा एकच अर्ज तीन पडद्यांवर अर्धवट निघाला. तिन्ही वेळा तो 'गेला' म्हणून मावशीने यंत्राला शिव्या घालत पुन्हा टाइप केला होता. आता तिला धड हसताही येईना.

सातव्या पडद्यावर पत्र होतं. लेक वाचू लागली. 'तुझी शाळा मी सोडवली. पैसे होते. मुलीला कशाला, असं वाटलं. चुकलो. थांबा हो मावशी, घोटभर पाणी द्या. हां. कुठवर आलो होतो? चुकलो, हे दोनदा लिहा.'

मावशी आधी ऐकू येईल ते सगळं टाइप करायची, फालतू ते मागाहून गाळायची. ती घाईने पुढे झाली. "ते पाण्याचं काढते हं, ते पत्रातलं नाही."

"नको, मावशी, राहू द्या," लेक म्हणाली. "बाबा असंच बोलायचे."

मावशीने एकही अक्षर न गाळता पत्र छापलं.