ओठ हलवणारी मुलगी

कोपरीच्या आमच्या शाळेत यंदा गणित स्पर्धेची निवड परीक्षा टॅबवर झाली. मुलांवर नजर ठेवायलाही टॅबमधलाच एआय. पर्यवेक्षण करण्यात माझा जन्म गेला, पण पाठीमागे फिरणारी चिठ्ठी मला कधी दिसली नाही. याला मात्र वर्गातली पापणीन् पापणी दिसत होती. मी चाटच पडले.

निकाल लागला. सातवीतल्या एका मुलीची सगळी उत्तरं बरोबर, पण नावापुढे लाल खूण: परीक्षेत बोलणे. संघातून बाद.

“बाई, मी कुनाशी बोलले नाय,” ती म्हणाली. “पाढा म्हनत होते.”

तिचे आजोबा मिठागरात राबलेले. रोज दिवेलागणीला नातीकडून मोठ्याने पाढे म्हणवून घेतात. मी स्वतः टॅबसमोर बसले, एक गुणाकार करायला घेतला, आणि माझ्याही नावापुढे लाल खूण. माझे ओठ हलतात हे मला या वयात कळलं. मग इतर लाल खुणा पाहिल्या, त्या मुलांना विचारलं. सगळी घरी तोंडाने पाढे म्हणणारी मुलं. एआयला ज्या मुलांवरून शिकवलं, ती मनातल्या मनात मोजणारी असणार. त्याच्या लेखी गप्प मूल तेवढं प्रामाणिक.

“मशीनचं कुणाशी वाकडं असतं का, बाई?” मुख्याध्यापक म्हणाले. तरी माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी मुलीला पुन्हा बसवलं. त्याच टॅबसमोर.

आता तिने ओठ घट्ट मिटून घेतले. पहिलंच उत्तर चुकलं. दुसऱ्याला बोट हवेतच थांबलं, डोळे भरून आले. पाढा तिच्या तोंडात होता आणि तोंडालाच बंदी होती. माझं डोकं फिरलं. मी कपाळावरची टिकली काढली आणि टॅबच्या कॅमेऱ्यावर चिकटवली.

“बाई, अहो, मग लक्ष कोण ठेवणार?” शेजारी उभे मुख्याध्यापक म्हणाले.

“मी आहे ना.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ओठ सुटले, हलू लागले, आणि बोट पडद्यावर भराभर चालायला लागलं. आवाज नव्हता, तरी मला एकेक आकडा ऐकू येत होता. इतकी वर्षं मी गणित शिकवलं, पण ते असं होताना कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

शेजारी मुख्याध्यापकही वाकून तिचं उदाहरण ताडून पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते.