ठिपका शोधला, तर नाच मागितला

"मॅडम, पोरींले तांड्यावरचे आरशाचे कपडे घालून आना. पाव्हन्यांले नाच दाखवू."

मुख्याध्यापकांनी हे भर स्टाफरूममध्ये सांगितलं. सत्कार होता माझ्या नववीतल्या तीन मुलींचा. पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह शोधायला त्यांनी शास्त्रज्ञांना मदत केली, म्हणून.

मी दिग्रसजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. मी बंजारा, मुलीही बंजारा. आकाशाच्या एकाच तुकड्याचे दुर्बिणीतून काढलेले चार फोटो शाळेच्या संगणकावर यायचे. एकामागून एक बघायचे. तारे जागचे हलत नाहीत. एखादाच ठिपका सरकतो, तो लघुग्रह असू शकतो. असा एक ठिपका तिघींतल्या पायलनं पकडला. शास्त्रज्ञांनी पुढच्या तपासणीसाठी घेतला.

"सर, पायल त्या ठिपक्याबद्दल बोलेल. तयारी केलीय तिनं."

"दगडाचं कोनाले समजते, मॅडम? अन् नाच तर तुमच्या रक्तातच हाय!"

सगळे हसले. वीस वर्षं शिकवतेय मी. तरी रक्तच काढलं.

वाद घातला. शेवटी ठरलं, आधी नाच, मग पायल.

मुली आरशांची फेटिया-कांचळी, आमची घागरा-चोळी, घालून आल्या. घागरा सावरत पायलनं विचारलं, "मॅडम, मले बोलू देतीन ना?"

"देतील."

नाच झाला. पहिल्या रांगेतून संस्थेचे अध्यक्ष ओरडले, "अजून एक होऊन जाऊ द्या!"

गाणं पुन्हा लागलं. मुली थांबल्या. माझ्याकडे बघायला लागल्या. मी स्टेजवर चढले, गाणं बंद करायला लावलं. माईक पायलच्या हातात दिला.

"नाच संपला. आता ही बोलेल."

मुख्याध्यापकांनी खालून माईकवाल्याला हात केला. माईक बंद झाला. "चला, जेवन थंडं होऊन राह्यलं," अध्यक्ष म्हणाले. खुर्च्या सरकल्या. पायलचे ओठ हलत होते. काही ऐकू येत नव्हतं. मी बाजूला उभी. करता येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कपडे बदलताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नाई शोधत, मॅडम."

तिनं काढलेल्या घागऱ्याची मी घडी घातली. 

सोमवारी मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले.

"सर, आम्ही तीजच्या सणाला नाचतो. आमच्या तांड्यात, आमच्या मनानं. शाळेच्या स्टेजवर माझी एकही मुलगी यापुढं पाहुण्यांसाठी नाचणार नाही."

"बदली करू का तुमची?"

"करा. तिथल्या पोरींनाही हेच शिकवीन."