घरात वाळलेले कपडे

दोन दिवस घरातच वाळत टाकलेला शर्ट आज सकाळी अंगात घातला, तसा तो कुबट वास नाकात गेला आणि मला पडेगावच्या घरातला तो मार्च आठवला. तेव्हा पाऊस नव्हता. अंगण भाजून काढणारं ऊन होतं.

जपानात अणुभट्टी फुटली होती आणि माझी धाकटी बहीण सुनीता तिथून जवळच्याच गावात नवऱ्यासोबत अडकली होती. दारं-खिडक्या बंद ठेवा, न्यायला बस येईल, एवढंच त्यांना सांगितलेलं. आई फोनवर दर वेळी एकच विचारायची, "गाडी लागली का गं?" जणू लेक आपल्या एसटी स्टँडवरच उभी आहे.

"नाय लागली, आई. धुणंसुद्धा बाहेर वाळत टाकू नका म्हणतेत."

फोन ठेवून आई उठली. दोरीवरचे ओले कपडे तिनं घरात आणले आणि खुर्च्यांवर, पलंगावर पसरले.

मी चिडलो. "इथं काय विष आलंय का? बाहेर लई ऊन पडलंय!"

"पडू दे," ती म्हणाली. "लेकीला नाय, तर मला तरी कशाला पायजे?"

चार दिवस घरभर तो वास होता आणि मी नाक मुरडत राहिलो. तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं, हे तेव्हा मला कळलं नाही.

पाचव्या दिवशी कामावरून आलो, तर अंगणात दोरीवर आईची हिरवी साडी फडफडत होती. मी फाटकातच थांबलो.

गाडी लागली होती.