लघवीतून वाहून जाणारं मीठ

काट्यावर बाळ जन्माच्या वजनापेक्षा हलकं भरलं, तेव्हा मी नर्सला आधी सलाईन लावायला सांगितलं. बाळ तीन आठवड्यांचं. डोळे खोल गेलेले, रडायचंही त्राण नव्हतं. आई सुवर्णा आणि तिची सासू पोलादपूरच्या वरच्या वाडीतून महाडला माझ्या दवाखान्यात आल्या होत्या.

"पितो नि सगळा ओकतो," सासू म्हणाली. "गावात औषध दिला, गुण नाय."

अशा बाळात पहिला संशय इन्फेक्शनचा. मी अँटिबायोटिक सुरू केलं. तेवढ्यात सुवर्णा हळूच म्हणाली, "मॅडम, पहिल्याचं पण असंच झालेलं."

"गो, ता कशाला आता?" सासूने तिला अडवलं.

"बोलू द्या तिला," मी म्हणाले.

पहिलाही मुलगाच. याच वयात ओकून ओकून गेला. कारण कुणालाच कळलं नव्हतं.

मी बाळाला पुन्हा तपासलं. लघवीच्या जागेची कातडी जरा जास्तच काळसर होती. रिपोर्ट आला. सोडियम फार कमी, पोटॅशियम फार जास्त. नुसत्या उलट्यांनी पोटॅशियम घटतं, वाढत नाही.

किडनी रक्त गाळते तेव्हा मीठही गाळलं जातं. किडनीतल्या बारीक नळ्या ते परत रक्तात ओढतात आणि जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. हे त्यांच्याकडून करवून घेतं अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन. ते किडनीवरच्या छोट्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत बनतं. या बाळाच्या ग्रंथीत ते जन्मापासूनच बनत नव्हतं; काळसर कातडी ही ग्रंथीच्या त्याच बिघाडाची खूण. मीठ लघवीतून चाललं होतं, आणि साठलेलं पोटॅशियम हृदय कधीही बंद पाडू शकलं असतं.

हृदय सांभाळायला कॅल्शियम दिलं, ग्रंथीत न बनणाऱ्या हार्मोनच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन दिलं. बाळ सावरलं. मुंबईहून आलेल्या हार्मोनच्या रिपोर्टनेही तेच सांगितलं. मी दोघींना समोर बसवून समजावलं. औषध जन्मभर, आणि सध्या मोजून मीठही पाजायचं.

"म्हणजे पहिल्याला हे मिळालं असतं तर?" सुवर्णाने विचारलं.

"बहुतेक वाचला असता."

ती बाळाचं दुपटं नीट करत राहिली. सासूच बोलली, भिंतीकडे बघत. "हिचा दूधच वाईट हाय, असा मी सगळ्या वाडीत सांगत फिरले."

सुवर्णाने बाळाला उचलून पदराखाली घेतलं.

बाळ आता चालतं. तपासणीला सुवर्णा एकटीच घेऊन येते. ओकणाऱ्या तान्ह्या बाळाचं सोडियम-पोटॅशियम पहिल्याच दिवशी बघावं. आणि आधीचं मूल गेलं असेल, तर ते कसं गेलं हे आईला विचारावं, बाकीच्यांना बाहेर बसवून.