गाव न विचारणारा माणूस

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार फौजीआबांचे आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो तो त्यांच्या इस्लामपूरच्या घरातल्या मागच्या खोलीमुळे. आता आबा नाहीत, म्हणून लिहितो. ते असते तर यातलं अर्धं लिहिलं नसतं.

दारात अनोळखी माणूस आला की आपण पहिल्यांदा काय विचारतो? गाव कुठलं. मग आडनाव. आबा विचारायचे, "जेवलास का रं?"

मी जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. खोलीसाठी बरीच दारं फिरलो होतो. खोली रिकामी असायची, पण गाव सांगितलं की घरमालकाचे पाहुणे यायचे असायचे. आबांच्या दारात त्यांनी विचारण्याआधीच मी गाव सांगायला लागलो. गाडी थांबवावी तसा तळवा पुढे करून त्यांनी मला थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे. जेवलास का?"

शेजारच्या तात्यांना राहवलं नाही. "आबा, पोरगं कुठलं ठेवलंय?"

"उपाशी व्हतं."

"आवं, पन गाव?"

"त्येचं भाडं तुमी देनार हाय का?"

"न्हाई."

"मग च्या घ्या."

मला वाटायचं, हा आबांच्या मनाचा मोठेपणा. खरं कारण कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कळलं. एका संध्याकाळी ते ओट्यावर बूट पुसत बसले होते आणि आपणहून बोलायला लागले.

नोकरीच्या अखेरीस आबा फौजेतून शांतिसेनेबरोबर ड्रायव्हर म्हणून परदेशी गेले होते. लहानसं बेट, नुकतंच स्वतंत्र झालेलं.

"झेंडा लागला तवा म्हनं सगळी गळ्यात पडून रडली. मी गेलो तवा तीच मानसं रस्त्यात टायर जाळून हुबी. लढला कोन, घरात बसला कोन, ह्येच्यावरनं भांडनं. पोरं शाळंत शिकली एक भाषा, कचेरीत चालती दुसरी. ती येनाऱ्याला खुर्ची. बाकीच्यांनी काय करायचं? नाक्यावर बसायचं. काम न्हाई, हातात धोंडं. आन् येईल त्येला इचारायचं, उगवतीचा का मावळतीचा?"

बूट खाली ठेवून ते म्हणाले, "एवढंसं बेट गड्या, त्यातबी उगवत आन् मावळत."

त्यांच्या ट्रकमध्ये तांदळाची पोती असायची आणि शेजारी दुभाषा, तिथलाच एक शाळामास्तर. त्याच्याकडून आबा त्या भाषेतले थोडे शब्द शिकले होते. एकदा नाक्यावर पोरांनी ट्रक अडवला. मास्तर गप्प राहिला. ओळख करून दिली की पोरं निवळतील, असं आबांना वाटलं. लग्नाच्या मांडवात पाहुण्याची ओळख करून द्यावी तशी त्यांनी हसत करून दिली. हे मास्तर, अमक्या गावचे.

"मानानं सांगितलं रं मी. गाव सांगितल्याबिगार आपल्यात वळख हुती का?"

ते गाव उगवतीचं होतं, पोरं मावळतीची. त्यांनी मास्तरला ओढून खाली घेतलं. आबांजवळ बंदूक नव्हती.

"सांजंला गावला. वड्यात. तवापास्नं मी कुनाला गाव इचारत न्हाई."

मग त्यांनी तोच पुसलेला बूट पुन्हा पुसायला घेतला.

मी पदवीधर झालो, सरकारी नोकरीत लागलो, लग्न झालं. काही वर्षांनी माझी बदली इस्लामपूरला झाली. आबांच्या एका अंगाला तेव्हा लकवा मारला होता. ते वाईला लेकीकडे होते. फोनवर त्यांना ऐकू येत नसे, म्हणून लेकीनं निरोप दिला. "आबा म्हनत्यात, भाड्याचं घर हुडकू नगंस. वरचा मजला रिकामा हाय. आपल्याच घरात ऱ्हावा दोघंबी."

माझ्या शिक्षणाच्या काळात आबांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता, त्यामुळे तो मला ओळखत नव्हता. आता इस्लामपूरच्या घरात तोच राहत होता. आम्ही दोघं गेलो तेव्हा गेटच्या आतूनच त्यानं विचारलं, "गाव?"

सांगितलं.

"आडनाव?"

तेही सांगितलं. मागच्या खोलीत राहून शिकलो, हेही सांगितलं.

"व्हय, आबा ठेवायचे कुनालाबी. आता सगळी फॅमिलीवाली ऱ्हात्यात इथं, सर. दुसरीकडं बघा."

माझी बायको शेजारीच उभी होती. तो मला सर म्हणाला, हे मान्य केलं पाहिजे. त्याच्या मागं ओट्यावरच्या भिंतीवर बेटावरचा फोटो होता. त्यात ट्रक, आबा आणि हसणारा मास्तर.

ते बेट नवं होतं. आपण कुठे नवे आहोत?

दोनच दिवसांत लेकीचा पुन्हा फोन आला. "आबा सारखं इचारत्यात. दादानं तुमाला गाव तर इचारलं न्हाई न्हवं?" मी आबांनाच पत्र लिहितो म्हणालो.

तिनं ते त्यांच्या कानाशी मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीला आबांनी चांगला हात उचलून तळवा पुढे केला. का, ते तिला कळलं नाही. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पत्र असं होतं.

*ती. आबांना शि. सा. नमस्कार.*

*मी कामावर हजर झालो. घर कॉलेजच्या मागे मिळालं आहे. पाणी दोन्ही वेळा येतं. तुमचा वरचा मजला आम्हा दोघांना मोठा पडला असता, म्हणून मीच नको म्हणालो. दादांनी राग मानला नाही. तब्येतीला जपा, औषध चुकवू नका.*

*दादांनी गाव विचारलं नाही. आम्ही दारात उभे राहिलो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, जेवलात का.*

*तुमचा,*
*मागच्या खोलीतला*