चट्टे पुसणारा हात

दुकानाच्या पाटीवर नुसतं 'फोटो स्टुडिओ' लिहिलेलं होतं, पण गल्ली त्याच्या मालकाला गुळगुळीतराव म्हणायची. समोर बसलेल्याच्या तोंडावर मुरूम असोत, कांजिण्यांचे व्रण असोत की जन्मभराचा वैताग, फोटोत माणूस लोण्याच्या गोळ्यासारखा निघायचा. बावीस वर्षं त्याचा उजवा हात हेच करत आला होता. कॉम्प्युटरवर फोटो उघडायचा, डाग शोधायचा, पुसायचा, सेव्ह करायचं. पुढे पुढे तर डोकं रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत असायचं आणि हात आपला आपण काम करायचा. बायको म्हणायची, "तुम्ही चंद्राचा फोटो काढलात तर तोसुद्धा बिनडागाचा निघेल."

त्याची थोरली बहीण ओढ्याकाठी दवाखान्याच्या चादरी धुवायची. तिच्याबरोबर आणखी तेरा बायका. दोन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला कपडे रंगवायचा कारखाना आला आणि ओढा सोमवारी निळा, बुधवारी लाल, शनिवारी हिरवा वाहू लागला. बिचाऱ्याला स्वतःचा रंग म्हणून काही उरलाच नाही. मग बायकांच्या हातांवर चट्टे उठले, बोटांना भेगा पडल्या, नखं काळवंडली. कारखान्याचं म्हणणं, साबण हलका असेल. बायकांनी अर्ज केला, तर प्रदूषण कार्यालयाचं उत्तर आलं: 'पुरावा म्हणून फोटो जोडावेत.'

ताई दुकानात आली. काउंटरवर दोन्ही हात पसरून म्हणाली, "काढ फोटो. जन्मभर परक्यांची तोंडं काढलीस, आता बहिणीचे हात काढ."

ते हात पाहून त्याचं डोकं फिरलं. याच हातांनी त्याला न्हाऊमाखू घातलं होतं, वेळप्रसंगी बडवलंही होतं. चौदा जणींचे अठ्ठावीस हात त्याने पांढऱ्या कापडावर ठेवून टिपले. दुपारभर कॉम्प्युटरपुढे बसून तो प्रिंटची तयारी करत होता आणि कारखानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तोंड तिकडे गुंतलेलं, हात इकडे. प्रिंट निघाल्या तशा पाकिटात गेल्या आणि पाकीट कार्यालयात.

सुनावणीला आत एकालाच प्रवेश होता. फोटो याचे, म्हणून बायकांनी यालाच पाठवलं. त्या बाहेर आवारात उभ्या राहिल्या.

साहेबांनी पाकीट उघडून फोटो टेबलावर मांडले. दोन पाहिले, चार पाहिले, मग चष्मा काढला.

"छान आहेत की हात. कुठला साबण वापरतात तुमच्या बाया? माझ्या मिसेसना सांगतो."

शेजारी बसलेला कारखान्याचा मॅनेजर खो खो हसला.

गुळगुळीतरावाने वाकून पाहिलं. एक चट्टा नाही. एक भेग नाही. ताईची नखंसुद्धा गुलाबी! हाताने बावीस वर्षांची इमानदारी दाखवली होती, तीही मूळ फोटोंवरच सेव्ह करून. परत आणायला काही उरलं नव्हतं.

"साहेब, हे मी पुसलंय. सवयीने. शपथ घेऊन सांगतो."

"जो पुसू शकतो तो रंगवूही शकतो," मॅनेजर म्हणाला.

"तुमच्या फोटोंवर विश्वास कसा ठेवायचा?" साहेबांनी विचारलं.

तेव्हा मात्र त्याचा पारा चढला. "तुमच्या मागे भिंतीवर तुमचा फोटो आहे ना साहेब? डोळ्यांखालची काळी वर्तुळं मीच पुसलीत. तेव्हा बरा विश्वास ठेवलात!"

साहेबांनी घसा खाकरला. "हे प्रकरण आज बंद होईल. नवा अर्ज करा. सहा महिन्यांत नंबर लागेल."

"सहा महिन्यांत बोटं गळून पडतील! बाया बाहेर उभ्या आहेत, बोलवा आत. डोळ्यांनी बघा."

"फायलीला फोटो जोडता येतो. हात कसा जोडणार?"

हे साहेब अगदी शांतपणे म्हणाले, त्यामुळे जास्तच लागलं. कार्यालय पाचला बंद होणार होतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"पाचच्या आत फोटो आले तर घ्याल?"

"नियमाने घ्यावे लागतील."

तो बाहेर आला. गळ्यात कॅमेरा होताच. साहेबांच्या टेबलासमोरच मोठी काचेची खिडकी होती. त्याने एकेकीला खिडकीशी उभं केलं आणि तळहात काचेकडे, चट्टे कॅमेऱ्याकडे, असे हात काचेवर टेकवायला लावले. मागे आत साहेब, त्यांच्या डोक्यावर घड्याळ. म्हणू दे आता कुणीही, की रंगवलं म्हणून! पहिल्या जोडीला साहेबांनी मान वर केली. पाचवीला हातवारे केले. नवव्या जोडीला उठून पडदा ओढू लागले, तर पडदा अडकला. सरकारी पडदा पहिल्यांदाच जनतेच्या कामी आला.

दुकानात त्याने फोटो उघडले. ताईच्या मनगटावर रुपयाएवढा लालभडक चट्टा. उजवा हात माऊसकडे निघाला. त्याने तो मांडीखाली दाबला आणि त्याच्यावर बसला. डाव्या हाताने, शिव्या देत, चौदाही प्रिंट काढल्या.

पाचला दहा कमी असताना फोटो टेबलावर पडले. साहेबांना चौदा ठिकाणी आपलंच तोंड दिसलं, वर्तुळांसकट.

"अहो, निदान माझं तरी जरा साफ करायचं."

"नाही साहेब. पुसायचं काम बंद."

शिक्का आपटला. तो पोचपावती घेऊन बाहेर आला आणि ताईपुढे धरली. "घे. प्रकरण चालू राहिलं."

ताईने हात पुढे केला आणि मागे घेतला. "तूच ठेव बाबा," ती म्हणाली, "माझ्या बोटांच्या भेगांतलं पाणी लागून शिक्का पुसला जायचा."