दिल्लीला जाणारी पेटी

चिंचवडच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो मला रोज भेटायचा. बेअरिंगच्या कारखान्यात पॅकिंगचा सुतार होता. तोंडात कायम खिळे धरलेले. बोलायचं झालं की ते काढून मुठीत घ्यायचा. मी नट आवळायचे पान्हे बनवणाऱ्या कंपनीचा माल पोचवायला जायचो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

एका मे महिन्यात तो बेअरिंगची खोकी सोडून हापूसच्या पेट्या भरत बसला होता. दिल्लीतल्या बड्या अधिकाऱ्यांकडे त्या जायच्या होत्या. तान्ह्या बाळाला निजवावं तसा एकेक आंबा पेंढ्यात ठेवत होता.

"एवढं काय जपताय?" मी विचारलं.

"परदेशाशी करार व्हतोय, भाऊ. तिकडची बेअरिंगं स्वस्तात आली तर आमची दुसरी शिफ्ट बंद. आमचं सायेब दिल्लीत बोलत्यात, पर आंबा डागी निघाला तर त्यांचं ऐकंल कोण?"

त्याच्या लेखी ही लाचबिच नव्हती. नीट करायचं काम होतं.

करार झाला, बेअरिंगं त्यातून वगळली. तो पेढे घेऊन आला. "बोललं सायेब, पर पेंढा माझा व्हता!"

परदेशी पान्हे मात्र येणार होते. आमचा ओव्हरटाइम बंद झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्याने माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

पुढच्या मे महिन्यात त्याने माझ्यासमोर एक रिकामी पेटी ठेवली. रंधा मारून गुळगुळीत केलेली, आत ताजा पेंढा.

"पेटी आमची," तो म्हणाला. "आंबं तेवढं तुमच्या सायबास्नी भराया सांगा."